अ‍ॅप काढू नका, संमती काढा

प्रश्न (थोडक्यात) : मी केबिन क्रू, मुंबई बेस. कंपनीचं वेलनेस अ‍ॅप फोनवरून माझी झोप, स्क्रीनचा वापर, लोकेशन बघून ताणाचा स्कोअर काढतं. स्कोअर घसरला म्हणून रोस्टरमधून काढलं, फ्लाइंग अलाउन्स बुडाला. अ‍ॅप डिलीट करू का?

उत्तर : आत्ता नको. पुरावा त्यातच आहे. आधी स्कोअरचे आणि परवानग्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या.

अशी पत्रं हल्ली बरीच येतात आणि सगळ्यांचा भर सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या गोपनीयतेच्या निकालावर असतो. तो मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो. खासगी कंपनीला त्यात ओढाल तर वर्षं जातील. तुमचं प्रकरण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011च्या नियमांतल्या नियम 5वर उभं आहे. मानसिक आरोग्याची स्थिती ही तिथे संवेदनशील माहिती आहे आणि ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरायची आहे. मग ते कारण काय लिहिलं होतं? तुम्ही म्हणता, ‘नाइट फ्लाइटनंतर न वाचताच ओके केलं.’ घराच्या करारावर अशी सही केली असती का? तो मजकूर कंपनीकडून लेखी मागवा. फक्त ‘समुपदेशनासाठी’ असेल तर रोस्टर कापणं त्यात बसत नाही. ‘उड्डाण सुरक्षा’ असेल तर तुमची बाजू लंगडी होते.

संमती मागे घेता येते, पण लेखीच. बेस मॅनेजरच्या कानावर घातलं, हे चालत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव असायला हवं. त्यांना ईमेल करा, महिन्याभरात निवारण करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. संमती मागे घेतल्यावर कंपनी ज्या सेवेसाठी माहिती घेतली ती सेवा थांबवू शकते. माझ्या मते ती सेवा म्हणजे समुपदेशन, नोकरी नव्हे. मात्र नेमणूकपत्रात अ‍ॅपची अट असेल तर वेगळा विचार करावा लागेल.

नव्या कायद्याची वाट बघू नका. 2023च्या डेटा संरक्षण कायद्याची मुख्य कलमं मे 2027मध्ये लागू व्हायची आहेत. त्यातलं कलम 7 नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवायही माहिती वापरू देतं. तुम्हाला जुनाच कायदा सोयीचा आहे.

अलाउन्सचं खात्रीने सांगता येत नाही. तो सेवाशर्तींचा वाद आहे.

कंपनी जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीचं उदाहरण देणार हे धरून चाला : मार्च 2015, सहवैमानिकाने मानसिक आजार लपवला, विमान मुद्दाम पाडलं, 150 जण गेले. म्हणून ईमेलमध्ये एक वाक्य हवंच : ‘वैद्यकीय तपासणीस माझा नकार नाही, फोनवरून होणाऱ्या पाहणीस आहे.’ आणि झोप खरंच उडाली असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, याच आठवड्यात.