रोजच्या वापराच्या गाडीला वेगळा ऑइल कूलर लागतो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी टर्बो पेट्रोल आहे, इंजिनला काही फेरफार केलेले नाहीत, वापर रोजच्या जाण्यायेण्याचा आणि मधूनमधून लांबच्या प्रवासाचा. गाड्यांची हौस असलेला मित्र म्हणतोय की पुढे वेगळा ऑइल कूलर, म्हणजे इंजिन ऑइल थंड करणारी जाळी लाव, इंजिन जास्त टिकेल. तर लावावा का?

नका लावू. निदान ऑइलचं तापमान मोजल्याशिवाय तरी अजिबात नको. आणि नीट मोजलंत तर बहुधा तो विषय तिथेच मिटेल.

ऑइल जितकं थंड तितकं इंजिनला बरं, हा समज फार पक्का बसलेला आहे आणि गल्लत तिथेच होते. चालत्या इंजिनात संपमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यातलं ऑइल साधारण 90 ते 110 अंश सेल्सियस असावं, हीच अपेक्षा असते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि पिस्टन रिंगांच्या फटीतून त्यातली थोडी खाली संपमध्ये उतरते. सोबत न जळलेलं पेट्रोलही उतरतं, थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांत तर जरा जास्तच. हे दोन्ही पुन्हा उडून जायचं तर ऑइल चांगलं तापायला हवं. ते 60-70 अंशांवरच घुटमळत राहिलं तर पाणी आणि पेट्रोल त्यातच मुरतात, ऑइल पातळ होतं, गाळ धरतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या एखाद्या गाडीची ऑइल भरायची कॅप उघडा, विशेषतः थंडीच्या दिवसांत. आतल्या बाजूला दुधाळ कॉफीच्या रंगाची साय चिकटलेली दिसते. लोक घाबरतात, हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी सील) गेलं म्हणतात. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पातळी उतरत नसेल आणि डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल स्वच्छ असेल, तर ती बहुतेक वेळा नुसती साचलेली वाफ असते. गाडी तासभर मोकळ्या रस्त्यावर पळवली की बरीचशी साय जाते. अशा वापराच्या गाडीला आणखी एक कूलर जोडणं म्हणजे आधीच न तापणारं ऑइल अजून थंड करणं.

दाटपणाचा हिशोबही असाच आहे. 30 ग्रेडचं ऑइल 100 अंशांना 9.3 ते 12.5 सेंटीस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) या पट्ट्यात असावं लागतं. तेच ऑइल 40 अंशांना याच्या पाच-सहापट दाट असतं. बेअरिंगमधली फट, पंपाची क्षमता, सगळं त्या तापलेल्या अवस्थेला धरून ठरवलेलं असतं.

आता एक गोष्ट आधी तपासा, कारण तुमच्या गाडीत कूलर असण्याची दाट शक्यता आहे. ऑइल फिल्टरच्या बुडाशी ॲल्युमिनियमचा चपटा, थरांचा ठोकळा आणि त्याला कूलंटचे दोन पाइप दिसले, तर तो कंपनीनेच दिलेला कूलर. टर्बो आणि डिझेल इंजिनांत तो सर्रास असतो. माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीसाठी यापेक्षा चांगली योजना नाही. कूलंट ऑइलच्या आधी तापतं, त्यामुळे सुरुवातीला हाच ठोकळा ऑइलला ऊब देतो. पुढे चढावर ऑइल कूलंटपेक्षा गरम झालं की तोच उष्णता काढून घेतो. कूलंट 90 अंशांच्या आसपास असल्याने ऑइल गरजेपेक्षा थंड होण्याचा प्रश्न येत नाही. वय झालं की याची सील किंवा गॅस्केट जाऊ शकते, आणि मग कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग दिसतो. तेवढ्यावर लक्ष ठेवा.

मग वेगळा, हवेवर चालणारा कूलर कुणाला लागतो? ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणाऱ्याला, ताकद वाढवून घेतलेल्या इंजिनाला, भर उन्हात ट्रेलर ओढत लांबचा घाट चढणाऱ्याला. आणि ज्या इंजिनात पाणीच नाही त्याला. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये रेडिएटर नाही, पण ऑइल कूलर आहे आणि पंख्याची हवा त्यावर खेळवलेली आहे. तिथे उष्णता वाहून नेण्याचा बराच भार ऑइलवर आहे, म्हणून तो हवाच.

मोजताना डॅशबोर्डवरच्या पाण्याच्या काट्यावर जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत तो काटा तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. ओबीडीवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या सॉकेटवर) ऑइलचं तापमान दिसत असेल तर ते खऱ्या सेन्सरचं आहे की संगणकाने अंदाजाने काढलेलं, हे आधी शोधा. खात्रीचा मार्ग म्हणजे संपमध्ये सेन्सर आणि साधं गेज. ते लावून बघा, चित्र अगदी बोलकं असतं. पाणी काही मिनिटांत तापून तयार होतं, ऑइल मात्र त्यानंतरही बराच वेळ रेंगाळत वर चढतं. सपाट रस्त्यावर ते पाण्याच्या थोडं वर जाऊन थांबतं. भरल्या गाडीने चढ लागला की पाण्याचा काटा ढिम्म, पण ऑइल हळूहळू सरकत राहतं, आणि माथा ओलांडल्यावरही लगेच खाली येत नाही.

120 पर्यंत निश्चिंत राहा. चांगलं सिंथेटिक ऑइल असेल तर एखाद्या चढावर 130 दिसलं म्हणून काही बिघडत नाही. वारंवार 140 ला जात असेल तर मात्र उपाय हवा. बेअरिंगमधला ऑइलचा पापुद्रा संपमधल्या ऑइलपेक्षा बराच गरम असतो, आणि ढोबळ नियम असा की दर 10 अंशांना ऑइल खराब होण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो.

तरीही पहिला उपाय कूलर नव्हे. ऑइलची पातळी बघा, कमी ऑइल लवकर तापतं. रेडिएटरच्या जाळीत माती-किडे अडकलेत का, पंखा वेळेवर लागतो का, कूलंट कधी बदललं होतं, ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच आहे का, हे बघा. इथेच बऱ्याचदा उत्तर सापडतं.

एवढं करूनही आकडा हटत नसेल आणि कूलर लावायचंच ठरलं, तर कूलरचे पाइप जिथे जोडतात ती, फिल्टरखाली बसणारी प्लेट थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) असलेलीच घ्या, म्हणजे थंड ऑइल कूलरकडे न जाता थेट परत फिरेल. आणि होज पाइपांवर पैसे वाचवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. कूलरच्या होजमधून ऑइल पंपाच्या दाबाने वाहतं. एखादा होज घासून फाटला किंवा जोड निसटला तर संप बघता बघता रिकामा होतो. ऑइलचा लाल दिवा लागतो तोवर दाब जवळपास संपलेला असतो. कूलर रेडिएटरच्या पुढ्यात बसवला तर रेडिएटरची हवाही थोडी अडते. वॉरंटी चालू असेल तर त्याचीही चौकशी आधी करा. कूलर जुना, वापरलेला मात्र घेऊच नका. आधीच्या इंजिनाचं बेअरिंग गेलं असेल तर धातूचा कीस त्याच्या नळ्यांत बसलेला असतो, आणि तो धुऊन पूर्ण निघत नाही.

तुमच्या वापरात तेच पैसे योग्य ग्रेडचं ऑइल थोडं लवकर बदलण्यावर घाला. टर्बोला जोरात पळवल्यावर शेवटची काही मिनिटं गाडी सावकाश चालवून मग इंजिन बंद करा. गेज लावल्यावर आकडा खरंच 130 च्या वर राहत असेल, तर ऑइलचा ग्रेड, सेन्सर कुठे बसवलाय आणि कशा रस्त्यावर हा आकडा येतो ते लिहून कळवा, मग कूलर केवढा घ्यायचा ते बघू.