औषधवाहक की औषधवाहू?

प्रश्न फार्मसीच्या विद्यार्थ्याच्या संशोधन-पोस्टरचा आहे : 'नाकातून मेंदूला औषध-वितरण करणारे नॅनोकण वाहक' हे शीर्षक चालेल का?

कळतं, पण चालू नये.

'वाहक' म्हटलं की मुंबईकराला बेस्टचा कंडक्टर आठवतो. विज्ञानात तोच शब्द विजेला लागतो आणि रोग पसरवणाऱ्यालाही. इथे अंगावर माल घेऊन जाणारा हवा, आणि त्यासाठी 'वाहू' आहेच : मालवाहू जहाज, मालवाहू टेम्पो. तसे 'औषधवाहू नॅनोकण'. 'अब्जांश कण' हिशेबाने बरोबर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), पण प्रयोगशाळेत तसं कोणी बोलत नाही. 'सूक्ष्मकण' मात्र नकोच. 'सूक्ष्म' मायक्रोसाठी वापरतात, म्हणजे थेट हजारपटीचा घोळ.

सगळ्यात घातक 'वितरण'. औषध रक्तातून शरीरभर पसरतं त्याला औषधशास्त्रात वितरण म्हणतात, आणि नाकाची वाट धरायची ती बरीचशी तेच टाळायला. 'पोच' लिहाल तर ती पावती झाली.

'नाकातून' नळी घालतात, हे खरं. पण रक्तही नाकातूनच येतं. आत जाणाऱ्यासाठी 'नाकावाटे' निःसंदिग्ध. आयुर्वेदातलं 'नस्य' लिहिलंत तर वाचक तेलाचे थेंब शोधेल.

राहिलं 'मेंदूला'. नाकाच्या छताशी गंध ओळखणारं अस्तर असतं. त्यातले चेतातंतू चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून वर मेंदूकडे जातात. कण सहसा 200 नॅनोमीटरच्या आत ठेवतात, तरी अख्खा कण पलीकडे जाईलच असं नाही. पुष्कळदा तो अस्तराशी थांबतो आणि सुटलेलं औषध पुढे सरकतं. तिथे थांबणंही सोपं नाही. एका नाकपुडीत साधारण 0.1 ते 0.15 मिलिलिटरच मावतं, जास्त घातलं की घशात उतरतं; आणि नाकातल्या बाकीच्या अस्तरावरची हलती लव 15-20 मिनिटांत सगळं मागे ढकलते. म्हणून कणांना कायटोसानचा लेप देतात. ससून डॉकवर कोळंबी सोलून उरते त्या सालींसारख्या कवचांपासूनच ते बनतं. कायटोसान धनभारित, शेंबडातलं म्युसिन हे चिकट प्रथिन ऋणभारित, म्हणून चिकटतं. (पोस्टरवर 'नाकातला स्राव' लिहा, अचूक शब्द 'शेंबूड' असला तरी परीक्षक हसतील.)

तेव्हा 'मेंदूत जाणारे कण' असा दावा शीर्षकात नको. मी असं लिहीन : 'मेंदूच्या उपचारासाठी नाकावाटे द्यायचे औषधवाहू नॅनोकण'.