अपूंबद्दल काय बोलू?

"वडील कधी बोललेच नाहीत. आता त्यांच्याबद्दल मी काय बोलू?" टोरोंटोत समुपदेशन करताना हा प्रश्न मराठी घरांतून येतो, तसाच इतरांच्याही. ही गोष्ट एका हंगेरियन घरातली. लेकीची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

वडील जाऊन तीन आठवडे झाले होते. महिनाअखेरीस आठवणीची सभा होती आणि तिला पाच मिनिटं बोलायचं होतं. पन्नाशी उलटलेली शिक्षिका, म्हणजे बोलण्याची भीती नव्हती. पण कागदावर तीनच ओळी होत्या. जन्म १९३७. कॅनडात आले १९५७. चाळीस वर्षं गवंडीकाम.

"यापुढे मला ठाऊकच नाही. कधी नीट विचारलंच नाही मी."

इथे चूक माझी झाली. मी म्हटलं, त्या काळाबद्दल वाचून या. पुढच्या वेळी ती आठ पानं घेऊन आली. २३ ऑक्टोबर १९५६, हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, सोव्हिएतधार्जिण्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध विद्यार्थ्यांचा मोर्चा. राजवटीचं चिन्ह कापून काढलेले, मधोमध भोक पडलेले झेंडे. ४ नोव्हेंबरला शहरात घुसलेले सोव्हिएत रणगाडे. देश सोडून गेलेली सुमारे दोन लाख माणसं, त्यातली सदतीस हजारांच्या आसपास कॅनडाने घेतलेली. सगळं बरोबर होतं, पण त्यात अपू कुठेच नव्हते. (हंगेरियन मुलं वडिलांना अपू म्हणतात. आमच्याकडे आप्पा होते. तेही बोलायचे नाहीत.)

"सीमा कशी ओलांडली, हे तरी सांगितलं होतं?"

"विचारलं की एकच उत्तर. पाय ओले झाले."

मग मी तिला त्यांच्या रोजच्या हातातली एक वस्तू आणायला सांगितली. तिने ताटं पुसायच्या फडक्यात गुंडाळून थापी आणली. पातं एका कडेने झिजून तिरकं झालेलं, लाकडी मुठीवर अंगठ्याच्या जागी गुळगुळीत खळगा. तिने ती उजव्या हातात धरली, तर खळगा भलत्याच बाजूला. दोनदा फिरवून पाहिली आणि शेवटी डाव्या हातात घेतली. अंगठा बरोब्बर बसला.

"पण सही तर ते उजव्या हाताने करायचे," ती म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली.

त्यानंतर मी 'ते कसे होते?' हा प्रश्न सोडून दिला. त्याला 'कष्टाळू, प्रेमळ' अशी छापील उत्तरंच येतात. त्याऐवजी विचारलं, रविवारी त्यांचे हात काय करत असायचे? मग मात्र तिचं बोलणं थांबेना. परसात लाकडं पेटवून, डुकराच्या चरबीचा तुकडा काठीला टोचून ते निखाऱ्यांवर धरायचे. वितळलेला प्रत्येक थेंब पावाच्या तुकड्यावर टिपायचा, वर कांदा. पहिला तुकडा आईला, मग मुलांना, शेवटचा स्वतःला. सोबत पालिंकाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, छोटा पेला, कधी दोन. गाडीतून जाताना मध्येच थांबून, परक्यांच्या भिंतीवरून बोट फिरवत विटांचा सांधा तपासायचे. मुलं लाजून सीटखाली दडायची.

अपराधीपणा एवढ्याने गेला नाही. देश सोडलेल्या अनेकांनी मागे राहिलेल्या नातलगांना त्रास नको म्हणून तोंड बंद ठेवलं, हे मी तिला सांगितलं. पण अपूंचं तसंच होतं असं मी म्हटलं नाही, तिलाही म्हणू दिलं नाही. गेलेल्या माणसाच्या गप्प बसण्याला आपल्या सोयीचं कारण चिकटवायचा मोह फार होतो. 'हे मला माहीत नाही' असं सभेत सरळ म्हणता येतं, आणि ऐकणाऱ्यांना ते खोट्या पराक्रमापेक्षा जवळचं वाटतं, असा माझा तरी अनुभव आहे.

आठ पानांतलं तिने एकच वाक्य ठेवलं. बाकी वेळ ती थापी, चरबी आणि ओल्या पायांबद्दल बोलली. सात मिनिटं झाली म्हणे.

आठवड्याने तिचा फोन आला. भाऊ आणि ती, अपूंनी बांधलेलं एक घर बघायला गेले होते. भिंतीवरून बोट फिरवलं, तर एका थरात सांधा चक्क वाकडा.

"ही अपूंची नसणार," भाऊ म्हणाला.

"असेल," ती म्हणाली. "सोमवार सकाळची."