उंच पोराला बुटक्या सरांचं पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. "सर, सोडून देतो. माझे लिव्हरच खराब आहेत." मी चष्मा शोधून पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पोराला कावीळ झाली. मग उजेड पडला की हे रीलमधलं लिव्हर आहे. लांब हातपाय, लांब तरफ, म्हणून आपल्याला वजनं उचलणं जमणार नाही. फोन केला असता, पण फोनवर तू "हो सर, हो सर" करतोस आणि मनातलं मनातच ठेवतोस. म्हणून लिहितो. सावकाश वाच.

तू आणि तुझा जोडीदार एकाच आठवड्यात माझ्या व्यायामशाळेत आलात. रॅक एक, कार्यक्रम एक. वर्षभरात तुझं वजन सहा किलोंनी वाढलं, त्याचं पाच. तरी शर्टाच्या बाह्या त्याच्या घट्ट झाल्या, बेटकुळी त्याची दिसते, पोरं फोटो त्याचे काढतात. तुला मात्र घरचे विचारतात, जिमला जातोस ना रे, मग अंगाला का लागत नाही?

घरी आई भाकरी थापते तेव्हा जरा बघ. तेवढ्याच पिठाची भाकरी मोठी थापली की पातळ होते. पीठ कमी झालेलं नसतं. तुझे सहा किलो 188 सेंटिमीटरवर थापले गेलेत, त्याचे पाच 163 वर. दंडाचं हाड लांब, त्यावरचा स्नायू लांबीभर पसरलेला. मग फुगवटा कुठून दिसणार?

आता थोडं गणित. तुझा जोडीदार 62 किलोचा आहे. समज त्याला जसाच्या तसा ओढून तुझ्या उंचीचा केला. उंची 1.15 पट झाली. स्नायूची ताकद ठरते त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर. ते उंचीच्या वर्गाने वाढतं, म्हणजे 1.33 पट. वजन मात्र घनाने वाढतं, 1.53 पट. म्हणजे तोच पोरगा तुझ्या उंचीचा झाला तर 95 किलोचा होईल. ताकद एक-तृतीयांशाने वाढेल आणि अंगाचं ओझं निम्म्याहून जास्त. प्रत्यक्षात माणसं अशी हुबेहूब ओढली जात नाहीत, उंच माणूस अंगाने जरा सडपातळच असतो. तरी नुसत्या वर्गाचा हिशेब धरला तर 82 येतात. तू 74 आहेस. तुझी तरफ वाईट नाही, तुझं अंग अजून भरायचं आहे. त्याचं घर छोटं होतं, सामान लवकर लागलं. तुझ्या खोल्या रिकाम्या दिसतात एवढंच.

मागच्या शनिवारी मी टेप घेऊन तुमच्यामागे उभा होतो, आठवतं? तू म्हणालास, सर काय मोजताय. स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बसता-उठताना, त्याचा बार 51 सेंटिमीटर खाली जातो, तुझा 64. पाच सेट, पाच-पाच रेप, म्हणजे पंचवीस वेळा तेरा सेंटिमीटर जास्त. सव्वातीन मीटर झाले. तोच बार तू रोज एक मजला जास्त चढवतोस आणि वर स्वतःलाच कमी लेखतोस.

उंचीपेक्षाही जास्त फरक पडतो तो मापांच्या प्रमाणामुळे. तुझ्या मांडीचं हाड धडाच्या मानाने लांब आहे. खाली बसताना मांडी आडवी झाली की नितंब लांब मागे जातात, तोल राखायला तू पुढे वाकतोस, आणि मग सगळं भाडं कमरेला भरावं लागतं. तुझ्याएवढ्याच उंचीचा पण लांब धडाचा माणूस खुशाल ताठ बसेल. उलट डेडलिफ्टमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून ओढताना, तुझे लांब हात तुझ्याच बाजूने आहेत. हात लांब असले की बार कमी उंचीवर पोचला तरी काम होतं. तिथे तू जोडीदाराच्या पुढे आहेस हे तू मेसेजमध्ये लिहिलंच नाहीस. बेंच प्रेसमधलं रडगाणं मात्र ओळीने लिहिलंस.

आणखी एक गोष्ट फार कमी पोरांना माहीत असते. स्पर्धेतली मोठी प्लेट 45 सेंटिमीटर व्यासाची असते, त्यामुळे जमिनीवरच्या बारचा मध्य साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. मीराबाई चानूसाठीही तेवढाच आणि जॉर्जियाचा वेटलिफ्टर लाशा तालाखाद्झेसाठीही तेवढाच. ती पाच फुटांच्या आतबाहेर, तो 1.97 मीटर. तिने टोकियो ऑलिंपिकमध्ये 49 किलो गटात एकूण 202 किलो उचलून रौप्य घेतलं, त्याने तिथेच 488 किलो. पण बारपर्यंत वाकायचं म्हटलं तर त्याला सगळं अंग घडी घालावं लागतं. बार कोणाची उंची बघून वर येत नाही.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे ते लिहितो. मी स्वतः पाच फूट तीन इंच. जगात उंचीला मान आहे. आपल्या भाषेतच बघ, चांगला माणूस "उंचापुरा", पैलवान "धिप्पाड", आणि आमच्यासाठी शब्द काय, तर टिंगू, गिड्डा, बुटका. स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलीच्या मामाने मला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं होतं. थट्टेत, पण सांगितलं होतं. असा मुलगा व्यायामशाळेत येतो आणि त्याला कळतं की इथे नियम उलटा आहे. इथे बुटक्याचं अंग लवकर भरतं, बार लवकर वर जातो. मग तो बाहेरचे सगळे हिशेब आत चुकते करायला लागतो.

मीही केले. आमच्या काळी एक ताडमाड पोरगा यायचा. आम्ही त्याला "खांब" म्हणायचो. तो स्क्वॉटला उभा राहिला की कोणीतरी ओरडायचं, "विजेची तार आली रे!" सगळ्यांत मोठ्याने हसणारा मी. चार महिन्यांनी तो यायचा बंद झाला, व्हॉलीबॉलकडे गेला. तेव्हा मला वाटलं, त्याच्यात दम नव्हता. दम आमच्यात नव्हता, एका लांब माणसाला शांतपणे वाढू देण्याइतका. म्हणून तुझ्या बाबतीत मी जरा जास्तच लक्ष घालतो. तुला ते जाचत असेल, असू दे.

पण तूही काही धुतल्या तांदळासारखा नाहीस. तुझ्या जोडीदाराने 100 किलोचा स्क्वॉट केला तेव्हा तू काय म्हणालास? "त्याला काय, बार वीतभर तर हलतो." मी ऐकलं. त्यानेही ऐकलं. तो पहाटे साडेपाचला येतो, त्याचं तेवढं तरी त्याला दे. बुटका म्हणतो उंचाला झेपत नाही, उंच म्हणतो बुटक्याला फुकट मिळतं. दोघंही एकमेकांच्या घामाची किंमत टेपने मोजतात.

नइम सुलेमानोग्लूचं नाव तुला सांगितलं होतं. तुर्कस्तानचा, पाच फुटांहून कमी उंचीचा. 1988 साली सेऊल ऑलिंपिकमध्ये 60 किलो गटात त्याने क्लीन अँड जर्कला, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेताना, 190 किलो उचलले, स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. तालाखाद्झेने 2021 मध्ये ताश्कंदला 267 उचलले, पण ते त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पटही भरत नाहीत. मग जास्त ताकदवान कोण? तू हा प्रश्न मला विचारला होतास आणि मी चहा प्यायला गेलो होतो. कारण तुला खरं विचारायचं होतं ते वेगळंच, की सर, मी कोणासारखा होऊ?

शरीरसौष्ठवात हा घोळ जुनाच आहे. आपले मनोहर ऐच, चार फूट अकरा इंच, 1952 मध्ये मिस्टर युनिव्हर्सचा किताब घेऊन आले तो कमी उंचीच्या गटातला. तेव्हा गट उंचीवर पाडत. पुढे मिस्टर ऑलिंपिया स्पर्धेत काही वर्षं 200 पौंडांची रेघ मारून वजनाचे दोन गट होते. फ्रँको कोलंबू, पाच फूट पाच इंच, हलक्या गटात जिंकायचा, आणि त्याचा व्यायामाचा जोडीदार अर्नोल्ड श्वार्झनेगर, सहा फूट दोन इंच, भारी गटात. 1975 मध्ये दोन्ही गटविजेते समोरासमोर आले तेव्हा अर्नोल्ड जिंकला. तो थांबल्यावर 1976 चा किताब फ्रँकोने घेतला. दोघं वर्षानुवर्षं एकाच बारखाली घाम गाळत होते. तुझी उंची म्हणजे बरोबर अर्नोल्डची, हे मी मुद्दाम आजवर बोललो नव्हतो. डोक्यात हवा जाते.

तुझ्या आजीची शंकाही मिटवून टाक. वजनं उचलून उंची खुंटत नाही. तिला असं वाटतं कारण टीव्हीवर दिसणारे आपले वेटलिफ्टर बुटके असतात. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्य मिळवलं. आता 55 किलोत सहा फुटी माणूस बसवून बघ, नुसता हाडांचा सापळा होईल. हलक्या गटात बुटकेच टिकतात, म्हणून बुटकेच दिसतात. बास्केटबॉल खेळून कोणी उंच होत नाही, तसंच हे. वाढत्या वयात चुकीच्या पद्धतीने, कोणी बघायला नसताना वजन मारणं धोक्याचं, ते मात्र खरं. तू तर एकोणीस वर्षांचा आहेस, तुझं जे व्हायचं ते होऊन बसलंय.

आता कामाचं. स्क्वॉटला टाचेखाली उंची असलेले बूट घाल, पाय आणखी वीतभर फाक, आणि आठवड्यातून एकदा बार पुढे खांद्यावर घेऊन बस म्हणजे धड ताठ राहायला शिकेल. स्नॅचची, म्हणजे बार एका दमात जमिनीवरून डोक्यावर नेण्याची, पकड रुंद घे. तुझे हात पार बारच्या प्लेटांजवळच्या कॉलरपर्यंत जातील, घाबरू नको, लांब हातांचे तिथेच धरतात. जोडीदार पाच किलोंनी चढतो म्हणून तू चढू नको, तुझ्यासाठी अडीच. आणि खा. रोज 120 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. चार अंडी खाल्ली तर त्यातली जेमतेम चोवीस-पंचवीस झाली, बाकी दूध, दही, मटकीची उसळ, भिजवलेले हरभरे, डाळ, रविवारी कोंबडी. पावडरचा डबा मागू नको, आधी दुसरी भाकरी खाऊन दाखव. सकाळी उपाशी कॉलेजला पळतोस आणि रात्री लिव्हरवर रील बघतोस, या दोन्हींतलं एक आधी बंद कर.

आरशासमोर जोडीदाराच्या शेजारी उभं राहणं तीन महिने बंद. महिन्याच्या पहिल्या तारखेला मांडी, दंड, छाती टेपने मोज आणि वहीत लिही. फक्त तुझंच.

सोमवारी सहाला ये, गर्दीच्या आधी. सुताराकडून पाच सेंटिमीटर जाडीच्या दोन फळ्या करून आणल्यात. प्लेटा त्यावर ठेवून काही आठवडे ओढ, पाठ सरळ राहायला लागली की फळ्या काढू, कारण स्पर्धेत त्या मिळणार नाहीत. आणि येताना वरच्या खोलीतलं लाकडी स्टूल घेऊन ये. तू बार डोक्यावर घेतलास की तुझी मनगटं मला खालून दिसत नाहीत.

तुझा,
सर