कार्यालयात दिवसभर संगणकावर काम करणाऱ्यांच्या आरोग्याला असलेला धोका कसा तपासावा?

तुम्ही लिहिले आहे की सदाशिव पेठेतील एका कर सल्लागाराच्या कार्यालयात तुमच्यासह 14 जण दिवसभर संगणकावर काम करतात. त्यांपैकी तिघांनी मान आणि मनगट दुखत असल्याची तक्रार केल्यावर साहेबांनी धोका तपासून अहवाल देण्याचे काम तुमच्यावर सोपवले आहे. इंटरनेटवर मिळालेला तक्ता सगळ्यांना भरायला देऊन हे काम भागेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या अनुभवाप्रमाणे भागणार नाही. खराडीतील एका कंपनीत प्रशासनाचे काम पाहत असताना मी हीच तपासणी 60 जणांसाठी केली आहे. आमचे ग्राहक ब्रिटनमधले असल्यामुळे त्यांनी तिकडच्या पद्धतीचा आग्रह धरला होता. युरोपीय समुदायाने 1990 मध्ये संगणकाच्या पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी एक निर्देश काढला, त्यावरून ब्रिटनने 1992 मध्ये नियम केले आणि ते 1 जानेवारी 1993 पासून लागू झाले. जो रोज सलग तासभर किंवा त्याहून अधिक वेळ पडद्यासमोर बसतो, त्याच्या बसण्याच्या जागेची तपासणी मालकाने करावी आणि त्याने मागितल्यास डोळ्यांची तपासणी स्वतःच्या खर्चाने करून द्यावी, असे ते नियम सांगतात. आपल्याकडे ते लागू नाहीत, पण पद्धत घेण्याजोगी आहे.

मीही सुरुवातीला तक्ताच वाटला. ‘पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आहे का?’ असा एक प्रश्न त्यात होता, आणि बहुतेकांनी ‘नाही’ असे उत्तर दिल्यामुळे आम्ही सरसकट सगळ्यांचे मॉनिटर स्टँडवर चढवले. हिशेब विभागात पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांची मान आधी संध्याकाळी दुखत असे, ती आता दुपारपासूनच आखडू लागली. नवी खुर्ची दिली, तरी फरक पडला नाही. शेवटी एके दिवशी मी त्यांच्या शेजारी अर्धा तास नुसता बसून राहिलो, तेव्हा कारण दिसले. त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह होता. जवळचे दिसण्यासाठी काचेच्या खालच्या भागातून पाहावे लागते, म्हणून पडद्यावरचा प्रत्येक आकडा वाचताना त्या हनुवटी वर उचलत होत्या आणि मान मागे टाकत होत्या. मॉनिटर स्टँडवरून काढून टेबलावर ठेवला आणि थोडा मागे कलता केला, तेव्हा काही आठवड्यांत त्यांचे दुखणे पुष्कळ कमी झाले. नियम चुकीचा नव्हता, पण चाळिशीच्या चष्म्याला तो तसाच्या तसा लागू पडत नाही, आणि तक्त्यात चष्म्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना महिनाभर विनाकारण त्रास सोसावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून तक्ता द्या, पण तो केवळ बोलण्याची सुरुवात म्हणून द्या. खरी तपासणी म्हणजे त्या व्यक्तीला तिच्या जागेवर, तिचे नेहमीचे काम करताना पाहणे. दिवसही विचार करून निवडा. तुमच्या कार्यालयात जीएसटीच्या विवरणपत्रांची 20 तारीख जवळ आली की किंवा जुलैअखेरीस कामाचा जो ताण असतो, तो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिसणार नाही. दुपारी चारनंतर पाहा, कारण सकाळी सगळेच ताठ बसलेले असतात.

हिशेबाच्या कामात एक गोष्ट हमखास आढळते. आकड्यांसाठी कीबोर्डच्या उजव्या बाजूचे नंबरपॅड सतत लागते, त्यामुळे माउस त्याच्याही पलीकडे जातो आणि उजवा हात दिवसभर खांद्यापासून बाहेर ताणलेला राहतो. खांदा भरून येतो आणि दुखणे हळूहळू कोपर-मनगटापर्यंत उतरते. नंबरपॅड काढून टाकता येत नाही, पण ज्यांना जमेल त्यांनी माउस डाव्या हाताने वापरायची सवय लावली तर फरक पडतो. दुसरी गोष्ट व्हाउचरच्या गठ्ठ्याची. तो टेबलावर आडवा एका बाजूला असेल, तर मान त्या बाजूला किती वेळा वळते ते मोजून पाहा. कागद धरणारा साधा उभा स्टँड पडद्याला खेटून ठेवला की हे वळणे बरेच कमी होते.

तुमच्या भागातल्या जुन्या वास्तूंत अजूनही लाकडी टेबले दिसतात आणि ती बहुधा उंच असतात. कीबोर्डवर हात ठेवल्यावर कोपर साधारण काटकोनात आणि खांदे सैल राहायला हवेत. त्यासाठी बुटक्या व्यक्तीची खुर्ची वर घ्यावी लागते, मग पाय लोंबकळतात आणि मांडीखाली खुर्चीची कड रुतते. अशा वेळी पायाखाली घरातला पाट ठेवला तरी चालतो. आमच्याकडे दोघींनी तेच केले होते.

डोळ्यांविषयी लोकांच्या मनात भीती फार असते, तेव्हा तिच्याबद्दल स्पष्ट बोला. पडद्यामुळे डोळे कायमचे खराब होतात, असे दिसून आलेले नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांसाठी कार्यालयाचे पैसे घालू नका. अशा चष्म्यांवरच्या 17 चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात डोळ्यांचा थकवा कमी होण्याच्या दृष्टीने साध्या काचांपेक्षा त्यांचा काही फायदा आढळला नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होत असल्यामुळे. त्यात मार्च-एप्रिलमधली पुण्याची कोरडी हवा आणि थेट तोंडावर येणारा पंखा किंवा एसी यांची भर पडते. पश्चिमेच्या खिडकीतून येणारी तिरीप कोणत्या पडद्यावर किती वाजता पडते, ते मात्र स्वतः उभे राहून पाहा. संगणकाचा पडदा खिडकीला काटकोनात ठेवता आला, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहण्याची सवयही चांगली आहे.

खुर्ची कितीही उत्तम असली तरी सलग तीन तास बसणे अंगावर येतेच. दोन तासांनी 20 मिनिटांची सुट्टी घेण्यापेक्षा तासाला पाच-दहा मिनिटे उठणे शरीराला अधिक मानवते. पण साहेब कपाळाला आठ्या घालत असतील तर कोणी उठणार नाही, म्हणून हे अहवालात साहेबांच्या नावाने लिहून घ्या. मला विचाराल तर संपूर्ण अहवालातले हेच वाक्य मिळवायला सर्वांत कठीण आहे आणि सर्वांत उपयोगाचेही आहे.

मनगटाची तक्रार करणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: मुंग्या कोणत्या बोटांना येतात? अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. अशा व्यक्तीला टेबल-खुर्चीचे उपाय सांगत न बसता लगेच डॉक्टरांकडे पाठवा. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि गर्भारपण यांतही हा त्रास होऊ शकतो. ही माहिती खाजगी असते, त्यामुळे चारचौघांत विचारू नका आणि अहवालातही लिहू नका.

अहवाल लांबलचक नसावा. प्रत्येक जागेसाठी काय आढळले, काय करायचे, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे पुरे. बदल केल्यावर महिन्याभराने पुन्हा त्याच व्यक्तीशेजारी बसा. आमच्याकडे ही दुसरी फेरी सुरुवातीला राहून गेली होती, म्हणूनच त्या बाईंचे दुखणे इतके लांबले. नवीन माणूस रुजू झाला, कोणाची जागा बदलली किंवा कोणी घरून लॅपटॉपवर काम करू लागला, तरी तपासणी नव्याने करावी लागते. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एक सोयीचा केला की दुसरा गैरसोयीचा होतो. लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडणे हा त्यावरचा उपाय आहे.

तक्रार केलेल्या तिघांपासून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. उरलेल्या 11 जणांतही दुखणे अंगावर काढणारे कोणी असेल. आमच्याकडे असे चौघे निघाले होते, आणि त्यांच्यापैकी एकानेही तक्त्यात काही लिहिले नव्हते.