दोरा ओढला की टेडी रडका दिसतो, काय करू?

मागच्या अंकात छोट्या टेडीचं कापड कापायचं कसं ते दिलं होतं (छोटा म्हणजे साधारण पाच इंचांच्या आतला, तळहातावर बसेल असा) आणि तेव्हापासून जे प्रश्न आलेत ते जवळजवळ सगळे चेहऱ्यावरच अडलेत. नीडल स्कल्प्टिंग म्हणजे भरलेल्या डोक्यातून सुई आरपार घालून दोरा ओढून डोळ्यांचे खड्डे, गाल, पायाची बोटं काढायची, एवढंच. पण एवढंच म्हणता म्हणता माझे स्वतःचे पहिले चार टेडी डब्यात गेलेत, तेव्हा धीर सोडू नका.

प्रश्न : ताई, तीन इंची टेडी केला. डोळ्यांसाठी दोरा ओढला तर पहिल्यांदा दोराच तुटला, मग जाड दोरा घेतला तर एक डोळा आत गेला आणि एक बाहेरच राहिला, आणि एकूण तोंड रडवेलं झालं. नवरा म्हणतो ह्याला रात्रभर झोप नाही वाटतं. कुठे चुकलं? (एक वाचक, फोंडा)

आधी डोकं अंगठ्याने दाबून बघा. खळ पडून तशीच राहिली तर भरण कमी आहे, आणि कमी भरणात दोरा काहीही करू शकत नाही, तो नुसता कापूस इकडचा तिकडे ढकलतो. डोकं कच्च्या पेरूसारखं घट्ट लागलं पाहिजे. पॉलिफिल (उशा-खेळण्यांत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस) चण्याएवढं चिमटीत घ्यायचं, गळ्यातून आत सारायचं, आधी नाक, मग गाल, मग मागचा भाग, कबाबच्या बांबूच्या काडीचं टोक मोडून तिनेच ठोसायचं. घरचा सावरीचा कापूस मी वापरून बघितला, उशीला छान पण इथे निसटतो, दोरा ओढला की जागाच सोडतो.

दोरा म्हणाल तर शिलाई मशीनचा साधा दोरा दुहेरी करून पण टिकत नाही, तिसऱ्या ओढीला जातो. सोफ्याच्या गाद्या शिवणाऱ्याकडे नायलॉनचा दोरा मिळतो तो घ्या, किंवा चक्क दात साफ करायचा मेणाचा फ्लॉस. तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा दोरा) मात्र नको हं, आमच्याकडे घरोघरी पडलेला असतो म्हणून हात तिकडेच जातो, पण त्याची गाठ सुटते आणि कापड चिरतं. सुई लांब आणि बारीक हवी, दाभण नको, दाभणाचं भोक मखमलीवर दिसत राहतं.

आता रडवेल्या तोंडाचं. दोरा जिकडे बांधाल तिकडे चेहरा जातो, ही एक गोष्ट डोक्यात बसली की अर्धं काम झालं. तुम्ही बहुतेक दोन्ही डोळ्यांचे दोरे गळ्याखाली बांधलेत, गळा खाली म्हणून डोळे पण खाली ओढले गेले आणि झाला रडका. गळ्यातून सुई घालायला हरकत नाही, गाठ धडाखाली लपते म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात, पण खड्डा सरळ मागे जायला हवा असेल तर डाव्या डोळ्याचा दोरा उजव्या कानाच्या बुडाशी काढा आणि उजव्याचा डाव्या. कान नंतर लावायचे, म्हणजे गाठी कानाखाली जातात. प्रत्येक डोळ्याला दोन टोकं : सुई डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेर, दोन मिलिमीटर सोडून परत आत, आणि दोन्ही टोकं कानाकडे मोकळी. बांधायचं नाही! चारही टोकं हातात आल्यावर दोन्ही बाजू एकदमच ओढायच्या, थोडं ओढलं की थांबायचं, आरशात बघायचं (आरशात वाकडेपणा पटकन कळतो, कसं ते विचारू नका, कळतो), परत थोडं. समाधान झालं की गाठीचा पहिला वेढा दोनदा घ्या, म्हणजे दुसरा घेईपर्यंत दोरा घसरत नाही.

हसरा हवा असेल तर अजून एक टाका : तोंडाच्या कोपऱ्यातून सुई घालून त्याच बाजूच्या डोळ्याच्या खड्ड्यात काढायची आणि हलकं ओढायचं, गाल वर येतो. ह्या टाक्याला मी एकदा हावरटपणा केला, अजून थोडं अजून थोडं करत रात्री अकराला कापड फाटलं, नाकापासून गालापर्यंत. तेव्हापासून मी कापडाच्या उलट्या बाजूला कडेकडेने पातळ फेव्हिकॉल लावून वाळवून घेते मगच शिवते. आणि डोळे आधी शिवू नका, काळ्या डोक्याच्या टाचण्या खोचून जागा ठरवा, मणी अगदी शेवटी.

प्रश्न : पायाची बोटं कशी काढायची? माझी गाजरासारखी होतात. (डिचोली)

पाऊल भरून झाल्यावर तळव्यातून सुई घाला, पावलाच्या वरच्या बाजूला पुढच्या कडेपासून चार मिलिमीटर आत बाहेर काढा, दोरा पुढच्या कडेवरून घेऊन परत तळव्यात, ओढा. तीन रेघा म्हणजे चार बोटं. मधली रेघ आधी, मग बाजूच्या. गाजरं होतात कारण रेघ फार लांब घेताय.

प्रश्न : मोहेर म्हणजे नक्की काय? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळेल? (म्हापसा)

अंगोरा शेळीच्या केसांचं लव असलेलं कापड. टेडी नाव पडलं ते १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ऊर्फ टेडी रुझवेल्ट यांनी मिसिसिपीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला त्यावरच्या व्यंगचित्रामुळे, आणि त्याच सुमाराला जर्मनीत स्टाइफ कंपनीने हातपाय हलणारं अस्वल काढलं ते मोहेरचं, आत लाकडाचा बारीक कीस भरलेलं. आपल्या बाजारात मला तरी मोहेर दिसलेलं नाही. आणि खरं सांगू, तीन इंचाला त्याची लव लांबच पडते. सोफ्याची आखूड लवेची मखमल घ्या, तुकडे स्वस्तात मिळतात. लव कुठल्या दिशेला झोपते ते हात फिरवून बघून तसं कापा, आणि कापताना कात्री फक्त मागच्या विणीत घाला, लव कापू नका.

प्रश्न : पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या टेडीच्या पोटावर तांबूस डाग आले. बुरशी का? (पेडणे)

पोट जड व्हायला स्टीलचे छर्रे भरले होते ना? मग तो गंज आहे. गोव्याच्या हवेत छर्रे नकोच, काचेचे बारीक मणी भरा. हातापायाच्या सांध्याला लोखंडी पिना असतील तर त्यांचं पण तेच, दोऱ्याचा सांधा करा. आहे तो टेडी धुवू नका, पोट उसवून रिकामं करा आणि तो तुकडा बदला. औषधाच्या बाटल्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकून न देता डब्यात टाका.

प्रश्न : चवथीला नातू येणार आहे, दीड वर्षाचा. देऊ का त्याला? (मडगाव)

नको. दोन मिलिमीटरचा मणी सुटला की थेट तोंडात. त्याच्यासाठी मोठा करा, डोळे दोऱ्याने भरतकाम करून काढा, आणि हा छोटा शोकेसमध्ये ठेवा, त्याचा हात पोचणार नाही अशा फळीवर.