प्रॉक्सीतून गोळा केलेला डेटा दर वेळी वेगळा येतो. प्रॉक्सी वाढवल्या तर सुधारेल का?

तुम्ही लिहिलंय की चारशे-साडेचारशे पानांवरची किंमत आणि साठा दर तासाला तपासता, प्रत्येक रिक्वेस्ट (पानाची मागणी) पूलमधल्या मिळेल त्या प्रॉक्सीतून, म्हणजे तुमच्या वतीने पान मागणाऱ्या मधल्या सर्व्हरमधून, जाते, आणि आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली होतो. हाताने साइट उघडून पाहिली तर मात्र काहीच बदललेलं नसतं. प्रॉक्सी वाढवल्या तर फरक पडेल का आणि आधीच्या तीन महिन्यांच्या डेटाचं काय करायचं, असे दोन प्रश्न आहेत.

फरक पडेल, पण उलटा. दात आणखी वाढतील.

तुमच्या टेबलातल्या एका ओळीचा अर्थ तुम्ही ‘या पानावर ही किंमत होती’ असा धरलाय. ती ओळ प्रत्यक्षात एवढंच सांगते की अमुक देशातल्या अमुक आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला), अमुक भाषा मागणाऱ्या ब्राउझरला, अमुक मिनिटाला ही किंमत दाखवली गेली. दर तासाला हे सगळंच बदलत असेल, तर किंमत बदलली की नाही ते कसं कळणार? दर वेळी नव्या तराजूत वजन करायचं आणि माल कमी भरला म्हणून भांडायचं, तसलं आहे हे.

मला हे अक्कलखाती जमा करून कळलं. एका साइटच्या सगळ्या किमती रोज रात्री दोनच्या सुमारास साधारण सहाव्या हिश्श्याने उतरायच्या आणि पहाटे परत चढायच्या. रात्रीची सवलत चालू आहे असं मी क्लायंटला कळवूनही बसलो होतो. मग कच्चं एचटीएमएल (पानाचा मूळ कोड) उघडलं, तर किमतीखाली बारीक अक्षरात ‘कर वेगळा’. प्रॉक्सीवाल्याकडे रात्री मी मागितलेल्या देशातले आयपी कमी पडायचे, की तो गुपचूप दुसऱ्या देशातून ट्रॅफिक बाहेर काढायचा, आणि तिथल्या ग्राहकाला साइट बिनकराची किंमत दाखवायची. २० टक्के कर काढला की १२० चे १०० होतात, तोच तो सहावा हिस्सा. साइट खोटं बोलत नव्हती. रिक्वेस्ट कुठल्या आयपीवरून बाहेर पडली, हे मीच कधी लिहून ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक ओळीसोबत बाहेरचा आयपी, त्याचा देश, यूटीसीमधली (जागतिक प्रमाण) वेळ, स्टेटस कोड (सर्व्हरने दिलेला निकालाचा आकडा), पानाचा आकार, पाठवलेले हेडर (रिक्वेस्टसोबतची माहिती) आणि पार्सरची (पानातून आकडे काढणाऱ्या कोडची) आवृत्ती साठवतो. कच्चं पानही जीझिप करून (दाबून लहान करून) ठेवतो. डिस्क स्वस्त पडते, गेलेली रात्र परत आणता येत नाही.

आता पान आणि प्रॉक्सी यांची गाठ बांधून टाका. एक पान कायम एकाच देशातून, शक्यतो एकाच ठरलेल्या आयपीवरून, एकाच यूजर-एजंट (ब्राउझरची ओळख) आणि अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेजने (मागितलेली भाषा). या कामाला हजारो फिरत्या आयपींपेक्षा दहा स्थिर आयपी बरे. स्टिकी सेशनवर (काही वेळ तोच आयपी देण्याच्या सोयीवर) डोळे झाकून विसंबू नका, काही मिनिटांनी ते सुटतं आणि आयपी आवाज न करता बदलतो. खरी मेख रिट्रायमध्ये (पुन्हा प्रयत्न करण्यात) असते. बहुतेकांचा कोड एक प्रॉक्सी फसली की पुढची उचलतो, देश कोणता हे न बघता. रिट्राय त्याच देशातून झाला पाहिजे, नाहीतर ती जागा रिकामी राहू द्या. रिकाम्या जागेत शून्य भरू नका, आधीची किंमतही पुढे ओढू नका.

शून्यावरून आठवलं, २०० (‘सगळं ठीक’) स्टेटसवर विश्वास ठेवू नका. ४०३ (मनाई), ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या), ५०३ (सेवा तूर्त बंद) हे निदान तोंडावर नाही म्हणतात, आणि ४०७ आला तर तक्रार प्रॉक्सीची आहे, साइटची नाही. त्रास होतो तो २०० देऊन ‘तुम्ही माणूस आहात का’ विचारणाऱ्या पानाचा. एरवी १८० केबीचं पान ६ केबीचं येतं, पार्सरला साठ्याचा आकडा सापडत नाही, आणि टेबलात ‘साठा ०’ अशी नोंद पडते. पानात जे हमखास असायलाच हवं, उदाहरणार्थ उत्पादनाचा कोड, ते सापडल्याशिवाय ओळ स्वीकारूच नका. आणि ४२९ आला तर सोबतचा रिट्राय-आफ्टर (किती थांबायचं ते सांगणारा हेडर) वाचून थांबा. तो चुकवायला प्रॉक्सी वाढवणं मला पटत नाही. साइटवर भार टाकणं झालंच, शिवाय वर सांगितलेला गोंधळ तुम्ही स्वतःच विकत घेता.

आकड्यांच्या लिखाणातही असाच सापळा आहे. जर्मन पद्धतीत १.२९९,०० म्हणजे बाराशे नव्याण्णव. पार्सरने टिंबाला दशांशचिन्ह मानलं तर तुमच्याकडे सुमारे सव्वा युरोचा माल दिसेल.

कॅशचा (साठवून ठेवलेल्या प्रतींचा) भाग मात्र खरोखर किचकट आहे. सीडीएनचे (साइटच्या प्रती ग्राहकाजवळ ठेवणाऱ्या सेवेचे) सर्व्हर ठिकठिकाणी असतात आणि प्रत्येकाकडची प्रत वेगळ्या वयाची असू शकते. उत्तरात एज (Age, म्हणजे प्रतीचं वय सेकंदांत) हेडर आला तर तो बघा. २७०० असेल तर ती प्रत ४५ मिनिटं जुनी आहे. दोन प्रॉक्सींनी एकाच सेकंदाला एकच पान मागितलं, एकीला जुनी प्रत मिळाली, दुसरीला ताजी, तर दोन्ही उत्तरं खरीच. तासाच्या हिशेबात पाऊण तास म्हणजे फार झालं, म्हणून मी ‘कधी आणलं’ आणि ‘प्रत कधीची’ अशा दोन वेळा ठेवतो. डीएनएसही (साइटच्या नावावरून आयपी शोधणारी व्यवस्था) तपासा. कर्लमध्ये (पानं आणायच्या कमांड-लाइन साधनात) प्रॉक्सीचा प्रकार सॉक्स५ लिहिला तर साइटचं नाव तुमच्याच मशीनवर रिझॉल्व्ह होतं, सॉक्स५एच लिहिला तर प्रॉक्सीच्या बाजूला. पहिल्या प्रकारात आयपी एका देशाचा आणि सीडीएन सर्व्हर भलत्याच देशातला, अशी खिचडी होऊ शकते.

हे सगळं करूनही बदल दिसला, की लगेच अलर्ट पाठवू नका. काही मिनिटांनी त्याच आयपीवरून आणि त्याच देशातल्या दुसऱ्या आयपीवरून पुन्हा आणा. दोन्हीकडे तेच दिसलं तर बदल नोंदवा, एकीकडेच दिसलं तर तेही लिहून ठेवा, साइटवर ए-बी टेस्ट (काहींना एक रूप, काहींना दुसरं दाखवून बघणं) चालू असू शकते. मी आणखी एक करतो. स्वतःच्या सर्व्हरवर आलेला आयपी आणि हेडर जसेच्या तसे परत दाखवणारं एक पान ठेवलंय, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक प्रॉक्सीतून आधी ते उघडतो. प्रॉक्सीने मधेच हेडर बदलला किंवा देश हलला, तर तिथेच पकडला जातो.

जुन्या तीन महिन्यांबद्दल: कच्ची पानं ठेवली असतील तर बरंच वाचेल. चलनाचं चिन्ह, एचटीएमएलमधलं लँग (भाषेची खूण), कराची ओळ आणि पानाचा आकार यांवरून ओळी वेगळ्या काढा आणि एकाच जातीच्या ओळींचाच आलेख करा. नुसत्या किमती ठेवल्या असतील तर ती करवत सरळ होणार नाही. सरासरी काढून ती गुळगुळीत करण्याच्या फंदात पडू नका. वेधशाळेत तापमापक बदलताना जुना आणि नवा काही काळ शेजारी ठेवून दोन्हींच्या नोंदी घेतात. तसं जुनी आणि नवी पद्धत दोन आठवडे बरोबर चालवा, फरक किती पडतो ते बघा, आणि आलेखावर त्या तारखेला एक उभी रेघ मारा.